मागून येणारी टिकटिक : पुणे ते पणजी, सायकलवरून सात दिवस

पहिला दिवस : पुणे – ताम्हिणी – माणगाव

डिसेंबरातल्या एका शनिवारी पहाटे साडेपाच वाजता मी आणि माझा भाचा चांदणी चौकातून निघालो. माझे वय एकावन्न, त्याचे सव्वीस. माझ्या सायकलच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी पिशव्या लावल्या होत्या आणि त्यांत मिळून नऊ किलो सामान होते. त्याने मात्र सगळे सहा किलोंत बसवले होते. किनाऱ्याच्या रस्त्याने सात दिवसांत पणजी गाठायची, एवढाच बेत होता. ताम्हिणीचा घाट, खाड्या आणि त्या ओलांडून नेणाऱ्या तरी, म्हणजे फेरीबोटी, यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते रस्त्यावर भेटणाऱ्या सायकलवाल्यांविषयी, म्हणजे ते एकमेकांना कसे पुढे जाऊ देतात, कसे मागे टाकतात आणि यातले किती तोंडाने बोलतात, याविषयी.

शनिवारी पहाटे पौड रस्त्यावर सायकलींची वर्दळ असते. पिरंगुटच्या घाटात आम्हाला दहा-बारा जणांनी मागे टाकले. त्यांतल्या बहुतेकांनी जवळ येण्याआधी ‘उजवीकडून’ किंवा नुसतेच ‘राईट’ असे म्हटले, दोघांनी ‘गुड मॉर्निंग’ म्हटले, आणि एका वयस्क गृहस्थांनी माझ्या पिशव्यांकडे पाहून ‘लांबचा पल्ला दिसतोय, शुभेच्छा’ असे म्हणून मगच गिअर बदलला. चढावर दम लागलेला असताना एवढे शब्द उच्चारायला श्वास खर्च करावा लागतो, हे ज्याने घाट चढला आहे त्यालाच कळेल, आणि म्हणूनच त्या शब्दांची मला किंमत वाटते.

मुळशीच्या जलाशयाकाठी रस्ता लागला तेव्हा भाचा शंभरेक मीटर पुढे होता आणि मी एकटी होते, निदान तसे मला वाटत होते. मग मागून बारीक टिकटिक ऐकू आली. सायकलचे पॅडल मारत असताना मागच्या चाकाचे फ्रीव्हील गप्प असते. पाय थांबले की त्यातल्या खिट्ट्या दात्यांवरून घसरतात आणि टिकटिक वाजते. सपाटीवर कोणी पाय थांबवत नाही. मागचा थांबवतो ते पुढच्या सायकलच्या आडोशाला राहून वारा लागेनासा झाला म्हणून, आणि वेग आवरला नाही तर पुढच्याला धडकेल म्हणून. ती टिकटिक ऐकली की मागे वळून न पाहताही समजते की आपल्या पाठीशी कोणी तरी आहे आणि आपल्याच कष्टावर पुढे येत आहे.

सपाट रस्त्यावर ताशी पंचवीसच्या वेगाला सायकलवाल्याची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. वेग दुप्पट झाला तर हवेचा अडथळा चौपट होतो. म्हणून पुढच्याच्या मागच्या चाकाला हातभर अंतर ठेवून चालणाऱ्याची मेहनत चतुर्थांशाच्या आसपास वाचते, वेगानुसार थोडी कमी किंवा जास्त. यालाच सायकलवाले ‘ड्राफ्ट घेणे’ म्हणतात, आणि परवानगी घेऊन घेतला तर त्यात गैर काहीच नाही. मात्र न विचारता मागे चिकटणे हा केवळ उद्धटपणा नसून तो धोकाही आहे. मागे माणूस आहे हे मला ठाऊक असेल, तर खड्डा आला की मी हात खाली करून बोट दाखवते आणि म्हैस आडवी आली की ‘थांबतेय’ असे ओरडते. ठाऊक नसेल तर मी नुसता ब्रेक दाबते. शिवाय मागच्याचे पुढचे चाक माझ्या मागच्या चाकाच्या बाजूला शिरलेले असेल आणि मी जरा जरी सरकले, तर दोन चाके एकमेकांना घासतात आणि पडतो तो जवळजवळ नेहमीच मागचा.

माझ्या मागे चिकटलेला होता एक तरुण. पाच-सहा किलोमीटर तो तसाच मागे राहिला. मी एकदा मान वळवून ‘नमस्कार’ म्हटले. उत्तर आले नाही. ताम्हिणीचा चढ लागताच, जिथे आडोशाचा उपयोग फारसा उरत नाही आणि वजनाचा हिशेब सुरू होतो, तिथे तो माझ्याकडे न पाहता पुढे निघून गेला. पुढे त्याने भाच्यालाही तसेच गाठले. भाच्याचे खांदे ताठ झालेले मला मागून दिसले. मी जवळ पोहोचल्यावर तो म्हणाला, “मावशी, जाऊ का मी?”

“जा,” मी म्हणाले. तो गेला. आणि मीही, कोणी पाहत नसताना, एक गिअर जड केला. मनगटावरच्या घड्याळात नाडीचा आकडा १४८ वरून १६६ वर गेला. त्या अनोळखी मुलाशी माझे काही देणेघेणे नव्हते, माझ्या निम्म्या वयाच्या माणसाला नऊ किलो सामान घेऊन गाठण्याचा प्रश्नही नव्हता. तरीही शरीराने ते आव्हान आपणहून स्वीकारले. ही ईर्षा वाईट आहे असे मला वाटत नाही. तिच्यामुळेच त्या चढावर मी नेहमीपेक्षा बरी चढले. मला खुपले ते त्याचे मौन.

घाटमाथ्यावर भाचा उभा होता. मी पोहोचताच त्याने ‘आलीस? चल’ म्हटले आणि पॅडल मारायला सुरुवात केली. मी बाटलीला हात घातला होता, तो तसाच काढून घेतला आणि निघाले. याविषयी पुढे लिहायचे आहे.

पुण्याचे बरेच जण ताम्हिणीवरूनच परत फिरतात. तो तरुणही थोड्या वेळाने समोरून परत येताना दिसला. आम्ही त्याला ओळखले, त्याने आम्हाला ओळखले. अगदी जवळ आल्यावर त्याने हँडलवरची दोन बोटे उचलली. बस, तेवढेच. माझ्या मनातला राग मात्र त्या दोन बोटांनी उतरला, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते.

विळ्याकडच्या उतारावर गणित उलटले. सामानाच्या वजनामुळे माझी सायकल भाच्याच्या सायकलीपेक्षा जोरात धावू लागली. उतारावर वळणात कोणाला ओलांडायचे नाही आणि पुढच्याला वळण कसे घ्यायचे ते ठरवू द्यायचे, हा नियम आम्ही दोघेही पाळतो. म्हणून सरळ रस्ता दिसेपर्यंत मी ब्रेक धरून राहिले, मग ‘उजवीकडून येतेय’ अशी हाक दिली आणि गेले. संध्याकाळी माणगावात पोहोचलो.

दुसरा दिवस : माणगाव – बागमांडले – हर्णै

म्हसळा आणि हरिहरेश्वर मागे टाकून आम्ही अकराच्या सुमारास बागमांडल्याच्या जेटीवर आलो. सावित्रीच्या खाडीपलीकडे वेसवी दिसत होती. जेटीवर पाच सायकली एका कठड्याला टेकून उभ्या होत्या आणि एकसारखे शर्ट घातलेले पाच जण शहाळी पीत बसले होते. डोंबिवलीहून निघाले होते आणि त्यांचा म्होरक्या साठीच्या घरातला होता.

दोन अनोळखी सायकलवाले भेटले की पहिली नजर तोंडाकडे जात नाही. ती आधी टायरच्या रुंदीकडे जाते, मग मागच्या दात्यांच्या चकतीकडे, कारण सर्वांत मोठ्या चकतीवरून समोरचा घाटात काय करू शकतो याचा अंदाज येतो. मग सामानाकडे, आणि शेवटी पोटऱ्यांकडे. त्यानंतर प्रश्न येतो : ‘किती वाजता निघालात?’ या प्रश्नाचा घड्याळाशी फारसा संबंध नसतो. निघण्याची वेळ कळली की अंतराला तासांनी भागून वेग काढता येतो, आणि तो भागाकार विचारणारा मनातल्या मनात करून मोकळा झालेला असतो. म्हणून उत्तर देणाराही ‘सहाला निघालो, पण वाटेत नाश्त्याला पाऊण तास गेला’ असे न विसरता सांगतो. आम्हीही तसेच सांगितले.

त्यांच्यातल्या तिघांनी त्या वर्षी ब्रेव्हेची मालिका पूर्ण केली होती. ब्रेव्हे म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सफर : २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३००ला वीस, ४००ला सत्तावीस आणि ६००ला चाळीस. ही चारही अंतरे एकाच हंगामात केली की ‘सुपर रँडोनिअर’ ही उपाधी मिळते. भाच्याने तीच मालिका केली असल्याने बोलणे लगेच रंगले. ही पद्धत फ्रान्समधली आणि तिचे मूळ नियम ठरवणारी संस्थाही पॅरिसची. दर चार वर्षांनी होणारी पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरची सफर म्हणजे या मंडळींची पंढरी; १८९१ साली ती शर्यत म्हणून सुरू झाली, आज तिला शर्यत म्हणत नाहीत. ब्रेव्हेत पहिला-दुसरा असा क्रमांक नसतो, वेळेत पोहोचणाऱ्या प्रत्येकाला सारखेच पदक मिळते. क्रमांक नसला तरी प्रत्येकाला आपल्या ओळखीच्या माणसाची वेळ मिनिटासकट पाठ असते, हे त्या जेटीवरच्या वीस मिनिटांत मला पुन्हा दिसले.

तरीतून उतरल्यावर वेसवीचा चढ लागतो. मोटारी आणि मोटारसायकली आधी जाऊ द्यायच्या, मग सायकली काढायच्या, हे कोणी न सांगता सगळ्यांनी केले. चढ संपल्यावर म्होरक्याने मागे वळून विचारले, “ताई, येता का आमच्या रांगेत? सपाटीला पाळी लावू.”

पाळी लावणे म्हणजे आळीपाळीने वारा अंगावर घेणे. पुढचा एक-दोन मिनिटे ओढतो, मग बाजूला सरतो, रांग त्याच्या शेजारून पुढे जाते आणि तो शेपटाला जाऊन विसावतो. हे नीट चालले की सात माणसे एखाद्या लांबलचक गाडीसारखी जातात आणि एकट्याला न पेलणारा वेग सगळ्यांना पेलतो. ते बिघडवण्याचे जे प्रकार आहेत ते दोन्ही त्या दुपारी पाहायला मिळाले.

त्यांच्यातला सर्वांत तरुण गडी पुढे आला की वेग ताशी तीन-चार किलोमीटरने वाढायचा. त्याला वाटत असावे की आपण जोर लावून सगळ्यांचे काम करत आहोत. प्रत्यक्षात रांग ताणली जायची, मधला कोणी तरी तुटायचा आणि त्याला एकट्याने वारा कापत पुन्हा जोडून घ्यावे लागायचे. दुसऱ्यांदा तसे झाल्यावर म्होरक्याने आवाज न चढवता म्हटले, “ओढू नकोस, धर.” पुढे केळशीला चहाला थांबलो तेव्हा तेच गृहस्थ मला म्हणाले, “पुढे येऊन वेग वाढवणारा मदत करत नाही, परीक्षा घेतो.” हे वाक्य मी त्याच संध्याकाळी वहीत उतरवून घेतले.

दुसरा प्रकार माझ्या वाट्याला आला. मी पुढे आले की अर्ध्या मिनिटात एक जण बाजूने पुढे येऊन ‘राहू द्या ताई, मी घेतो’ म्हणायचा. त्याच्या मनात वाईट काही नव्हते. पण पाळीला अर्थ असतो तो ती पूर्ण केल्यामुळे. पाहुणी म्हणून रांगेत बसवून नेण्यात माझा मान नव्हता. दुसऱ्या वेळी मी त्याला स्पष्ट सांगितले, “माझी पाळी मला पुरी करू द्या. थकले की मी कोपर हलवीन.” कोपर हलवणे ही ‘आता तू ये’ अशी खूण. तो ओशाळला आणि मागे गेला. त्यानंतर मी दोन मिनिटे पूर्ण ओढले आणि मग कोपर हलवले. त्या दोन मिनिटांचा आनंद अजून अंगात आहे.

आंजर्ल्याला ते वस्तीला थांबले. आम्ही जोगनदीवरचा पूल ओलांडून हर्णैला गेलो आणि बंदरावर मासळीचा लिलाव संपत आलेला पाहिला.

तिसरा दिवस : हर्णै – दाभोळ – गुहागर – गणपतीपुळे

या दिवशी दोन तरी होत्या : दाभोळहून धोपावे, आणि संध्याकाळी तवसाळहून जयगड. कोकणच्या किनाऱ्यावर प्रत्येक खाडी म्हणजे सड्यावरून, म्हणजे वरच्या पठारावरून, पाण्यापर्यंत उतरायचे आणि पलीकडे तेवढेच पुन्हा चढायचे. आदल्या दोन दिवसांपेक्षा हा दिवस अवघड गेला आणि मला सर्वांत जास्त शिकवून गेला.

धोपाव्याच्या जेटीवरून वर निघालो तेव्हा माझ्या पुढे काळ्या, दांडीच्या सायकलवर एक साठीचे गृहस्थ चालले होते. मागच्या कॅरिअरला थर्माकोलची मासळीची पेटी, तिच्यावर गोणपाट, गोणपाटाला सुतळीचे चार वेढे. पेटीच्या कोपऱ्यातून बर्फाचे पाणी थेंब थेंब मडगार्डवर पडत होते आणि मडगार्डवर त्याची पांढरट मिठाची रेघ उमटली होती. भाचा त्यांना ओलांडून केव्हाच वर गेला होता. तो हेल्मेट घातलेल्या प्रत्येकाला हात करतो. या गृहस्थांना त्याने हात केला नव्हता, आणि खरे सांगायचे तर वर्षानुवर्षे मीही केला नसता. आम्ही ज्याला ‘सायकलवाले’ म्हणतो त्या जमातीत आम्ही दूधवाला, पोस्टमन, मासळीवाला यांना धरतच नाही, आणि त्यांच्यातले कित्येक आमच्या जन्माआधीपासून याच रस्त्यांवर सायकल चालवत आहेत.

चढ तीव्र झाल्यावर ते उतरले आणि एक हात हँडलवर, एक हात सीटवर ठेवून सायकल ढकलू लागले. मी सर्वांत हलक्या गिअरवर होते. माझा वेग ताशी सहा, त्यांचा चालण्याचा वेग जेमतेम पाच. त्यामुळे मी त्यांना ओलांडले असे म्हणण्याइतके अंतर पडतच नव्हते. आम्ही शेजारी शेजारीच चाललो होतो, ते पायी आणि मी धापा टाकत.

“कुठून आलात?” त्यांनी विचारले.

“पुण्याहून.”

“चाकं बारीक दिसतात. टिकतात का?”

“टिकतात, हवा भरपूर ठेवली तर.”

थोड्या वेळाने ते म्हणाले, “उतरा की. ढकललीत तर एवढ्या दमणार नाही.”

घाटात पाय टेकवायचा नाही, हा आमच्याकडचा अलिखित दंडक आहे. ‘पाय न टेकवता चढलो’ हे वाक्य पुण्यात मी शंभरदा ऐकले आहे आणि पन्नासदा म्हटले आहे. त्या क्षणी मला त्यामागचे कारण आठवेना. मी उतरले. पुढचे तीनशे मीटर आम्ही दोघे सायकली ढकलत गेलो. पहाटे चारला बंदरावर जायचे, सकाळी वाड्यांवर मासळी विकायची आणि दुपारी जेवायला घरी, असा दिनक्रम त्यांनी सांगितला. हाच चढ ते रोज चढतात. रोज उतरून, रोज ढकलत.

सड्यावर पोहोचल्यावर मी पाणी प्यायला थांबले आणि ते पुढे झाले. नंतर मी त्यांना सपाटीवर घंटी देऊन ओलांडले. उतार लागला तेव्हा मी जांभ्याच्या भुरभुरीवरून चाक घसरू नये म्हणून ब्रेक धरून चालले होते. मागून घंटी वाजली, पाठोपाठ हाक आली, “ताई, बाजू!” आणि ती काळी सायकल, पेटी, गोणपाट, सगळे खडखडत माझ्या उजवीकडून निघून गेले. ओलांडून झाल्यावर त्यांनी मान वळवून एकदा पाहिले, माझे ठीक आहे ना म्हणून. मुळशीच्या काठी मला जे हवे होते, ते नेमके हेच होते.

गुहागरपासून भाचा समोरून येणाऱ्या प्रत्येक सायकलला हात करू लागला. मी त्याला काही सांगितले नव्हते; त्याने वरच्या वळणावरून आम्हा दोघांना ढकलत येताना पाहिले होते.

चौथा दिवस : गणपतीपुळे – आरे-वारे – आडिवरे

नेवऱ्याच्या पुढे आमच्यासमोर दोनशे मीटरवर एक सायकलवाला दिसला. भाच्याने अंतर कमी करायला सुरुवात केली. पुढच्यालाही ते कळले असावे, कारण त्याच्या पायांची गती बदलली. पुढच्या तीन-चार किलोमीटरमध्ये दोघांपैकी एकानेही आपण शर्यत लावली आहे असे दाखवले नाही. भाचा समुद्र पाहत असल्यासारखा चालला होता. पुढचा पाणी पिण्याच्या निमित्ताने एकदा मागे पाहून घेत होता.

आरे-वारेच्या चढावर, जिथून दोन्ही पुळणी एकदम दिसतात त्याच्या जरा अलीकडे, भाचा त्याच्यापासून दहा मीटरवर पोहोचला आणि भाच्याची चेन उतरून चकती आणि आऱ्यांच्या मध्ये अडकली. पॅडल थांबले, तो कसाबसा पाय टेकवून उभा राहिला. पुढच्याने मागे पाहिले.

अशा क्षणी पुढच्याने काय करावे, यावरून मोठमोठ्या शर्यतींत वाद झालेले आहेत. १९ जुलै २०१० रोजी टूर द फ्रान्स या फ्रान्समधल्या शर्यतीत पोर्त द बालेसच्या चढावर पिवळा शर्ट, म्हणजे एकूण आघाडीवर असलेल्याचा शर्ट, घातलेल्या अँडी श्लेकची चेन उतरली आणि त्याचा प्रतिस्पर्धी अल्बेर्तो कोन्तादोर थांबला नाही. त्या दिवशी त्याने एकोणचाळीस सेकंद मिळवून पिवळा शर्ट घेतला, संध्याकाळी जाहीर क्षमाही मागितली, आणि पॅरिसला ती शर्यत त्याने नेमक्या एकोणचाळीस सेकंदांच्या फरकानेच जिंकली. पुढे २०१२ मध्ये उत्तेजकाच्या प्रकरणात त्याचे ते विजेतेपद रद्द होऊन श्लेकला मिळाले, पण चेनचा वाद त्याने मिटला नाही. नियमपुस्तकात ‘थांबा’ असे कुठेही लिहिलेले नाही. असे असूनही जगभरच्या कित्येक सायकलवाल्यांना तो दिवस अजून सलतो.

आमच्या पुढचा माणूस थांबला. तो रत्नागिरीचाच, माझ्याच वयाचा होता. सायकल आडवी ठेवून तो खाली आला, भाच्याने मागचे चाक सैल केले, त्याने चेन ओढून बाहेर काढली, दोघांचे हात मनगटापर्यंत काळे झाले. रस्त्याकडेच्या मातीने हात चोळून झाल्यावर तो आपल्या सायकलपाशी गेला, भाचा बसेपर्यंत थांबला आणि म्हणाला, “आता चला.” मग मात्र त्याने जराही दया दाखवली नाही. उरलेल्या चढावर दोघेही उभे राहून पॅडल मारत होते आणि माथ्यावर तो भाच्याच्या चार-पाच सायकली आधी पोहोचला.

मी वर गेले तेव्हा दोघे हसत होते. भाच्याने त्याला विचारले की थांबलात कशाला. तो म्हणाला, “चेन उतरली म्हणून मागे पडलो, असं तुम्हाला नंतर वाटत राहिलं असतं. आता तसं म्हणता येणार नाही.”

चेनचे एक जोड वाकले होते. ते रत्नागिरीत बदलून घेण्यात दोन तास गेले, म्हणून पावस ओलांडून आडिवऱ्यालाच थांबलो. महाकालीच्या देवळाबाहेरच्या पायरीवर बसून मी भाच्याला ती गोष्ट सांगितली, जी चार दिवस मनात होती. दर घाटमाथ्यावर तो पाच-दहा मिनिटे थांबतो, पाणी पितो, दम खातो. मी पोहोचले की त्याला वाटते आता निघायला हरकत नाही, आणि तो निघतो. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज कमी त्याला ती मिळते आणि जिला गरज जास्त तिला मिळत नाही. वाट पाहणाऱ्याने मागून येणाऱ्याला आधी श्वास घेऊ द्यायचा, बाटली उघडू द्यायची, आणि निघण्याचा शब्द मागून येणाऱ्याने द्यायचा. याला मी सायकलवरचा सर्वांत मोठा शिष्टाचार समजते, आणि सर्वांत जास्त मोडला जातो तोही हाच.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मावशी, मला वाटायचं तुला थांबायला आवडत नाही. तू कधी म्हणालीच नाहीस.”

ते खरे होते. मी म्हटले नव्हते, कारण ‘थांब’ म्हणणे म्हणजे हरणे असे मलाही वाटत होते. मौनाबद्दल त्या तरुणावर रागावले होते, पण मौन माझेही होतेच.

पाचवा दिवस : आडिवरे – जैतापूर – देवगड

नाटे, जैतापूर, वाघोटन खाडी, देवगड. ऊन कडक होते आणि दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटला, तो उजव्या खांद्यावर घेत चाललो. भाचा आता माथ्यावर सायकल आडवी ठेवून मैलाच्या दगडावर बसलेला असायचा. मात्र मधल्या चढांवर तो मुद्दाम माझ्या वेगाने, माझ्या शेजारून चालू लागला. मी त्याला सांगितले की हेही नको. त्याच्या पायांत जोर आहे, तो त्याने वापरावा; मला सोबत हवी आहे ती माथ्यावर. पुढच्या चढाला तो भरधाव गेला आणि मला बरे वाटले.

सहावा दिवस : देवगड – आचरा – मालवण – शिरोडा

तारामुंबरीच्या पुलावरून कुणकेश्वरला गेलो आणि तिथून आचऱ्याकडे. शाळा भरायची वेळ होती. एका वाडीतून निळ्या गणवेशातल्या तीन मुली सायकलींवर रस्त्याला लागल्या. त्यांतली पुढची माझ्याकडे पाहून सीटवरून उठली आणि उभ्याने पॅडल मारू लागली. तिच्या सायकलला गिअर नव्हता, पुढच्या टोपलीत दप्तर होते आणि चेनकव्हर दर फेरीला एकदा खटकन वाजत होते.

क्षणभर वाटले, वेग कमी करून तिला जिंकू द्यावे. पण मला आदल्या दिवशीचे स्वतःचेच बोलणे आठवले. मी गिअर जड केला. सुमारे एक किलोमीटर आम्ही शेजारी शेजारी होतो, कधी तिचे चाक पुढे, कधी माझे, आणि माझ्या नऊ किलो सामानाने तिच्या एका गिअरची भरपाई चांगलीच केली होती. रस्त्याकडेच्या पडवीतून एक आजी ओरडल्या, “गो, सावकाश!” ती हाक तिला होती की मला, ते कळले नाही. शाळेच्या फाट्यावर तिने वळताना नीट उजवा हात बाहेर काढला, मागे पाहिले, मला जाऊ दिले आणि मग वळली. कोण पुढे होते हे मी सांगू शकत नाही, कारण मी तिच्या हाताकडे पाहत होते.

मालवणला जेवलो, पुढे वेंगुर्ले करून अंधार पडता पडता शिरोड्याला पोहोचलो.

सातवा दिवस : शिरोडा – तेरेखोल – पणजी

पहाटे मिठागरांवर धुके होते. रेडीवरून तेरेखोलला आलो आणि सकाळच्या फेरीच्या तरीने केरीला उतरलो. गोव्यात शिरलो तेच एका भोंग्याच्या आवाजाने. रबरी गोळा दाबून वाजवायचा तो पोदेराचा भोंगा. पोदेर म्हणजे सायकलवरून पाव विकणारा. शब्द पोर्तुगीज अमदानीतला, सायकल मात्र आपल्या मासळीवाल्याची सख्खी बहीण. मागे कॅरिअरवर बांबूची भलीमोठी टोपली, तिच्यावर निळे प्लास्टिक, आत गरम उंडे आणि पोळ्या, म्हणजे तिथल्या पावाचेच प्रकार.

सपाटीवर त्याने आम्हाला मागे टाकले. पुढच्या घरापाशी तो थांबला, भोंगा वाजवला, बाई बाहेर आल्या; तेवढ्यात आम्ही पुढे गेलो. दोन वळणांनंतर पुन्हा भोंगा मागून आला. पाय चप्पलांत, गुडघे बाहेरच्या बाजूला, पाठ ताठ, आणि वेग आमच्याहून थोडासाच जास्त. ओलांडताना तो दर वेळी भोंगा एकदाच, हलका दाबायचा. घरापाशी वाजवायचा तो दोनदा आणि जोरात. तिसऱ्या वेळी तो आवाज ऐकताच भाच्याने, जो पुढे होता, डावीकडे सरकून मागे मला हाक दिली, “मावशी, पाववाला येतोय, उजवीकडून!” आणि जाणाऱ्याला हात केला. पोदेराने हात सोडला नाही, टोपली डुलली असती; त्याने मान झुकवली.

हरमलच्या अलीकडच्या चढावर आम्ही त्याला गाठले. तो उतरून सायकल ढकलत होता. भाचा त्याच्या शेजारी जाऊन उतरला आणि त्याच्याबरोबर चालू लागला. मी मागून येऊन पोहोचले तेव्हा माथ्यावर दोघे थांबले होते आणि प्लास्टिक बाजूला सारून पोदेर चार पोळ्या कागदात बांधत होता.

“खंय वतात?” त्याने मला विचारले.

“पणजीला.”

त्याने सूर्याकडे पाहिले. “बेगीन वचात,” लवकर जा, असे म्हणाला, आणि टोपली झाकून उताराला लागला.

आम्ही रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून पोळ्या खाल्ल्या. कोंड्याचा रंग, आत पोकळ, आणि फोडल्यावर वाफ बोटांना लागत होती. मी पाणी प्याले, बाटली जागेवर लावली, हातमोजे चढवले. खालच्या वाड्यात भोंगा दोनदा जोरात वाजला. भाचा एक पाय पॅडलवर आणि एक जमिनीवर ठेवून, हँडलवर कोपरे टेकवून उभा होता, आणि मी ‘चल’ म्हणेपर्यंत तसाच उभा राहिला.